कोरड्या तलावातली पंगत

धृती आणि धैर्य हे दोन शब्द आपण इतके शेजारी शेजारी ठेवतो की त्यांच्यातला भेद सहसा ध्यानात येत नाही. धैर्याला समोर काहीतरी भयंकर असावे लागते. धृतीला तसे काही लागत नाही. देवळाचा खांब शिखर धरून उभा असतो, त्यात त्याचा पराक्रम नसतो, आणि गाभाऱ्यात कोणत्या देवाची स्थापना झाली आहे हेही त्याला ठाऊक नसते. धर्माची लक्षणे मोजताना जुन्या स्मृतिकारांनी धृतीला पहिले स्थान दिले, ते कदाचित याच कारणाने. क्षमा, दया, सत्य या गुणांना मन लागते. धृती मन बधिर झाल्यावरही उरते. मात्र तिचे सारेच फळ गोड असते असे नाही. ज्याने धरायचे त्याला सोडायचे कधी हे कळेनासे होते. देवासच्या फत्तेसिंगराव भोइट्यांचे चरित्र पाहिले की हे दोन्ही पटते.

भोइट्यांचे घराणे संस्थानिकांबरोबर माळव्यात आले आणि संस्थान गेल्यावरही माळव्यातच राहिले. फत्तेसिंगरावांच्या पणजोबांकडे दसऱ्याच्या मेजवानीत पंगत बसवण्याचा मान होता. कोणी कुठे बसायचे, ओळ कुठून धरायची, पहिली पंगत उठल्यावर दुसरी किती वेळाने बसवायची, हे सारे ते बघत. राजवट गेली, मेजवानी गेली, तरी घरातल्या लग्नमुंजींत आणि कुळधर्माच्या जेवणांत भोइटे पंगत बसवीतच राहिले. त्यातला एक दंडक कधी मोडला गेला नाही. घरची माणसे शेवटच्या पंगतीला. पाहुणा कितीही उशिरा येवो, तो घरच्यांच्या आधी बसणार. फत्तेसिंगराव लहानपणी कित्येकदा वाट पाहता पाहता खांबाशी झोपी गेले होते, आणि पुढे त्यांचा मुलगा यशराजही तसाच झोपी जाई. त्याचे कोणाला वाईट वाटत नसे. घरचे असणे म्हणजे शेवटी जेवणे, इतका तो अर्थ सरळ होता.

फत्तेसिंगरावांची सारी नोकरी देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कोठारात गेली. पत्नी लवकर वारली. निवृत्त झाले त्याच वर्षी धामनोदच्या अलीकडच्या घाटात यशराजची मोटार उलटली आणि तो जागीच गेला. सून स्वप्नाली तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी धारला गेली आणि तिथल्या शाळेत शिकवू लागली. मुलीला घरात चिऊ म्हणत. फत्तेसिंगराव तेराव्यापर्यंत सर्वांशी नीट बोलले, आल्यागेल्याला बसायला पाट दिला, आणि त्यानंतर त्यांना काही वाटेनासे झाले. रडू आले नाही, रागही आला नाही. भूक लागे म्हणून ते जेवत, पण जेवणात मीठ नव्हते हे शेजारीण विचारी तेव्हा त्यांच्या लक्षात येई. धारला जायचे ते मनात ठरवीत आणि जात नसत.

सोनकच्छकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘आनंदनगरी’ नावाचे मोठे करमणूक उद्यान आहे. तिथे रांगा सांभाळायला वयस्क, शांत माणूस हवा होता. यशराजला जाऊन पाच वर्षे झाली होती तेव्हा फत्तेसिंगराव तिथे रुजू झाले. का, असे कोणी विचारले असते तर त्यांना सांगता आले नसते.

उद्यानाचा हंगाम उन्हाळ्याचा. घसरगुंड्यांवरून पाणी धो धो वाहते, लाटांच्या तलावात माणसे डुंबतात, जागोजागी माणूस नेमलेला असतो. पावसाळा लागला की तलाव रिता करतात, पाळण्यांची दुरुस्ती काढतात, निम्म्याहून अधिक नोकर घरी पाठवतात. हे दिवस ओसाड जायला हवेत. परंतु व्यवस्थापनाने थंडीत अर्ध्या तिकिटाची सवलत ठेवली आणि माळव्यातल्या गावागावांतून बसगाड्या येऊ लागल्या. शाळांच्या सहली, लग्नाला जमलेली वऱ्हाडे, मंडईत धान्य घालून मोकळे झालेले शेतकरी.

हंगामातली गर्दी गर्दीची तयारी करून आलेली असते. बिगरहंगामातला प्रत्येक माणूस आज इथे कोणी नसेल अशा समजुतीने येतो, आणि समोर आपल्यासारखेच हजारो लोक पाहून त्याला फसवणूक झाल्यासारखी वाटते. त्याचा राग शेजारच्या माणसावर निघतो. चालू असते ती बॅटरीवरची एक छोटी आगगाडी आणि लहान मुलांचा एक पाळणा. सारे त्या आगगाडीच्या फलाटावर लोटतात. फत्तेसिंगरावांच्या पहिल्या थंडीत फलाटाचा कठडा वाकला आणि एक बाई खाली पडली. गाडी चालवणारा तुकाराम मधेच गाडी थांबवून ओरडत सुटला. कोणी ऐकेना.

फत्तेसिंगरावांनी त्या दिवशी विचारपूर्वक काही केले असे म्हणता येणार नाही. फलाटाला लागूनच लाटांचा कोरडा तलाव होता, निळ्या रंगाचा, फलाटाकडे उथळ आणि पलीकडे खोल होत गेलेला. उद्यानात लग्ने होत, त्यांच्या जाजमा शेजारच्या खोलीत पडल्या होत्या. त्यांनी त्या आणवल्या, तलावाच्या तळावर ओळीने अंथरल्या आणि लोकांना हाताने खूण करून बसवायला सुरुवात केली.

“बैठो भिया, गाडी कुठे पळून जात नाही. बई, तुम्ही इकडून. ओळ तुटू देऊ नका.”

“दाजी, पत्तल कब लगेगी?” माळव्यात वडीलधाऱ्याला मारतात तशी हाक मारीत ओळीतून कोणीतरी ओरडले.

“पहले हाथ तो धो के आओ,” फत्तेसिंगराव चेहरा न हलवता म्हणाले, आणि सारा तलाव हसला.

हसणारी माणसे बसली. उभा माणूस ढकलतो. बसलेल्या माणसाला ढकलायचे तर आधी उठावे लागते, आणि पंगतीतून मधेच एकट्याने उठायची लाज माळव्यात अजून शिल्लक आहे. पाण्याचा जग ओळीतून फिरला. गाडी आली की पुढची ओळ एकदम उठे, पुढच्या खेपेला तिच्यामागची. तेव्हापासून थंडीतली गर्दी तशीच बसू लागली. इंदूरहून आलेला तरुण व्यवस्थापक अर्पित त्यांना ‘भाऊसाब’ म्हणू लागला आणि तिकिटाच्या खिडकीवरची नीतू तिकीट देतानाच सांगू लागली, “सीधे तलाव में जाके बैठ जाना, दाजी बता देंगे.” फत्तेसिंगराव दिवसभर ओळींमधून फिरत. त्यांना ते आवडत होते की नाही, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हते.

त्यांच्या दुसऱ्या थंडीत, संक्रांतीच्या आधी, स्वप्नालीचा फोन आला.

“मुजरा करते, आबासाहेब.”

“बोला, सूनबाई.”

“माझं ठरलंय. रायपूरला. तेही शिक्षकच आहेत. माणूस चांगला आहे. परीक्षा झाल्या की आम्ही जाणार.”

“बरं झालं.”

“मी त्यांना म्हटलं, उन्हाळ्याची सुटी चिऊ दरवर्षी देवासला काढेल. ते म्हणाले, तिला हवं असेल तर खुशाल काढू दे, पण पाठवायचं म्हणून पाठवू नका, लेकराची ओढाताण होते. मला त्यांचं चूक वाटलं नाही, आबासाहेब. पण तिला हवं असायला आधी तिने तुम्हाला ओळखायला तर हवं! ती सात वर्षांची झाली. इतक्या वर्षांत तुम्ही एकदा धारला आला नाहीत.”

“नाही आलो.”

“म्हणून आम्हीच येतो. एक दिवस तुमच्याबरोबर राहील. मग मी तिला विचारीन, आणि ती म्हणेल तसं. या दिवसांत तुमच्याकडे गर्दी नसते ना?”

“ऑफ-सीझन आहे,” फत्तेसिंगराव म्हणाले.

तेवढ्यात फोन मुलीने ओढून घेतला. “अंकल, आपके यहाँ ट्रेन है?”

“अंकल नाही गं, आजोबा!” मागून स्वप्नालीचा आवाज आला. “मराठीत बोल.”

“आगगाडी आहे, चिऊराजे.”

“मला बसवणार?”

“बसवीन.”

“तुम भी बैठना.”

“बरं,” ते म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. एका मुलीला सुटीत या घरात यावेसे वाटणार की नाही, हे त्या एका दिवसावर होते. त्यांना ते स्पष्ट कळत होते. कळण्याच्या पुढे मात्र काही हलत नव्हते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळपासूनच बसगाड्या लागल्या. दोन शाळा, सोनकच्छचे एक अख्खे वऱ्हाड, बाग गावाकडून आलेल्या, छापील लुगडी नेसलेल्या बायांची एक टोळी. दुपार व्हायच्या आत निळा तलाव निम्मा भरला. मुलांचा पाळणा त्याच दिवशी बिघडला, तेव्हा अर्पितने हात जोडून सांगितले, “भाऊसाब, अब सब ट्रेन पे ही आएँगे. सम्हाल लेना.”

स्वप्नाली आणि चिऊ धारहून इंदूर, इंदूरहून देवास अशा बसगाड्या बदलत आल्या. चिऊच्या अंगात लाल स्वेटर होता. आईने ढकलल्यावर तिने फत्तेसिंगरावांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि लगेच विचारले, “ट्रेन कहाँ है?”

“ती काय. या.”

त्यांनी दोघींना ओळींच्या कडेने नेले आणि शेवटच्या ओळीमागे एक वेगळी जाजम घालून तीवर बसवले. ते मुद्दाम केले नव्हते. हात जसा घासाकडे जातो तसा त्यांचा हात त्या जागेकडे गेला.

तुकारामने फलाटावरून लाल स्वेटर पाहिला होता. तो उतरून आला. “भाऊसाब, पोती आई हे? इंजिन के पीछे की सीट खाली रख दूँ? छोटी बच्ची हे, कौन बोलेगा?”

“नको.”

“अरे, एक ही तो सीट है.”

“घरचे लोक शेवटी,” फत्तेसिंगराव म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे वळले.

स्वप्नालीने ते ऐकले. भोइट्यांच्या घरात ती सून म्हणून कित्येक शेवटच्या पंगतींना बसली होती. आपल्यापुढे किती ओळी आहेत ते तिने नजरेने मोजले. दिवस मावळायच्या आत पाळी यायला हरकत नव्हती.

पण बसगाड्या येत राहिल्या. नवी माणसे तलावाच्या काठावर आली की फत्तेसिंगराव त्यांना खाली घेत, चिऊच्या पुढे नवी ओळ धरीत, आणि चिऊची जाजम उचलून मागे घालीत. पहिल्यांदा चिऊला ती गंमत वाटली. ती जाजमेचे एक टोक धरून धावली. दुसऱ्या खेपेस ती आपणहून उठली. नंतर तिने आईकडे पाहिले. तलाव मागे खोल होत जात होता. दर खेपेला दोघी थोड्या खाली जात होत्या. समोरच्या ओळींतल्या डोक्यांमागे आधी गाडीचे डबे दिसेनासे झाले, मग इंजिन, मग फलाटही.

“आबासाहेब, हे तर आत्ता आले,” स्वप्नाली शेवटी म्हणाली. “आम्ही दुपारपासून बसलोय.”

“पाहुणे आहेत, सूनबाई.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही घरचे.”

त्यांच्या शब्दकोशात याहून मोठा शब्द नव्हता. यशराज गेल्यापासून त्यांनी कोणाला तो म्हटला नव्हता. स्वप्नालीने तोंड फिरवले. चिऊ स्वेटरची बाही चावीत तलावाच्या भिंतीकडे पाहत होती.

नुकतीच येऊन त्यांच्यापुढे बसलेली एक म्हातारी हे ऐकत होती. ती वळून स्वप्नालीला म्हणाली, “बई, तम आगे अई जाओ. छोरी थकी गी हे. म्हारे कई जल्दी नी हे.”

चिऊ झटकन उभी राहिली.

“नहीं बई, आप बैठो,” फत्तेसिंगराव म्हणाले. “ये घर के हैं.”

“घर का हे, जदीज तो के री हूँ,” म्हातारी पुटपुटली. घरची आहेत, म्हणूनच तर ती सांगत होती. चिऊ खाली बसली.

त्या क्षणी फत्तेसिंगरावांना यशराज आठवला. दसऱ्याच्या जेवणात खांबाशी झोपलेला, हातात पत्रावळीची काडी. दुसऱ्याच कोणाच्या घरातली गोष्ट आठवावी तशी ती आठवली आणि गेली. आपण वाकून मुलीला उचलावे, पहिल्या ओळीपर्यंत चालत जावे, गाडीत बसवावे, शेजारी बसावे, हे त्यांना दिसत होते. कोणी अडवणारे नव्हते. पाय मात्र पुढच्या ओळीकडे गेले, कारण तिथे दोन शाळकरी मुले उठू पाहत होती.

ऊन पिवळे झाले. ओळी उठत गेल्या, तलाव समोरून रिता होत आला. म्हातारीची ओळ गेली. आता फलाटापासून खोल भिंतीपर्यंत निळ्या तळावर एकच जाजम आणि तीवर दोघी राहिल्या. गाडी फेरी संपवून आली, अंगात बळ नसल्यासारखी थांबली. तुकारामने खाली उतरून बॅटरीचे झाकण उघडले, बंद केले, आणि दोन्ही हात आडवे हलवले.

“भाऊसाब, अब नहीं खींचेगी. चार्जिंग पे लगाना पड़ेगी, सुबे तक.” मग चिऊकडे पाहून म्हणाला, “बेटा, आ जा, खड़ी गाडी में बैठ जा. मैं सीटी बजा दूँगा, ज़ोर की.”

“खड़ी ट्रेन में क्या बैठना,” चिऊ म्हणाली. ती रडली नाही.

इंदूरची शेवटची सोयीची बस चुकू नये म्हणून स्वप्नालीने पिशवी उचलली. फत्तेसिंगराव दारापर्यंत गेले. आईने सांगितल्यावर चिऊने वाकून पायाला हात लावला. “बाय, अंकल.” रस्त्याकडे वळता वळता तिने विचारले ते त्यांना नीट ऐकू आले.

“मम्मी, अंकल सबको बिठाते हैं. अपने को क्यों नहीं बिठाया?”

“चल, बस येईल,” स्वप्नाली म्हणाली. मग मागे वळली. “येते, आबासाहेब.”

“या,” फत्तेसिंगराव म्हणाले.

ते परत आले आणि तुकारामबरोबर जाजमा गुंडाळू लागले. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा, असे ते रोज करीत. बऱ्याच जाजमा झाल्यावर तुकाराम म्हणाला, “आज आपने ठीक नहीं किया, भाऊसाब.”

“हो.”

“तो किया क्यों?”

“माहीत नाही, तुकाराम,” ते म्हणाले. “ते टोक नीट धर.”

एप्रिलच्या शेवटी रायपूरहून फोन आला. उन्हाळ्याची गर्दी सुरू झाली होती, मागे पाण्याचा आणि मुलांचा आवाज होता, म्हणून ते आगगाडीच्या मागे जाऊन बोलले.

“मी विचारलं तिला,” स्वप्नाली म्हणाली. “नको म्हणाली. मी तिला घराण्याचा रिवाज समजावून सांगितला, आबासाहेब. घरच्यांना शेवटी बसवतात, तो मानच असतो, असं म्हटलं. तिने ऐकून घेतलं. पण नको म्हणते.”

“बरं.”

“पुढच्या वर्षी परत विचारीन.”

“आग्रह करू नका.”

“तुम्ही याल इकडे?”

“बघतो.”

त्यांनी बघितले नाही. पावसाळा लागला, तलाव रिता झाला, पाळण्यांवर कापडे चढली. थंडीची गर्दी यायच्या आधी एके दिवशी ते अर्पितच्या खोलीत गेले आणि बसायला सांगितले तरी उभेच राहिले.

“इस बार एक बात पक्की कर दो. स्टाफच्या घरची मुलं आली तर पहिल्या ओळीत. पहली गाडी में.”

अर्पितला हसू आले. “भाऊसाब, आप ही तो किसी को आगे नहीं बैठने देते थे. मैंने पिछले साल अपनी भांजी को बोला था तो आपने मुझे ही सुना दिया था.”

“होय.”

“अब क्या हो गया?”

“आता पहिल्या ओळीत,” फत्तेसिंगराव म्हणाले. “सबको बता देना. नीतूला खिडकीवरच सांग, म्हणजे विसर पडणार नाही.”

अर्पितने मान हलवली. अधिक विचारावे असा त्यांचा चेहरा नव्हता. त्या थंडीत नीतूची आई नीतूच्या भाचीला घेऊन आली. फत्तेसिंगरावांनी दोघींना स्वतः फलाटाशी नेऊन बसवले, भाचीला इंजिनामागची जागा दिली, आणि गाडी सुटल्यावर ते पुढच्या ओळीकडे वळले. नीतू खिडकीतून त्यांच्याकडे पाहत होती. त्यांच्या मुद्रेवर समाधान दिसले असे ती सांगत नाही. ती म्हणते, “दाजी जैसे रोज रहते थे, वैसे ही थे.” मूल पुढे बसवताना त्यांच्या मनात काही हलले का, हे कोणालाच सांगता येणार नाही. रिवाज घराण्याचा होता. पिढ्यान्‌पिढ्या धरलेली वस्तू त्यांनी हातातून सोडली, एवढेच दिसले. ज्या मुलीसाठी ती सोडायला हवी होती तिच्यासाठी तो हात वेळेवर उघडला नव्हता.

त्यानंतर आणखी दोन थंड्या त्यांनी पंगती बसवल्या. एका श्रावणात साधा ताप आला, छातीत कफ झाला, आणि शेजारणीने रुग्णालयात नेईपर्यंत ते गेले होते. अर्पित, तुकाराम आणि नीतू स्मशानात आले. स्वप्नाली रायपूरहून एकटी आली, कारण चिऊची परीक्षा होती. तिने घर आवरले, किल्ली आपल्या धारच्या भावाकडे दिली आणि तेराव्यानंतर परत गेली.

भोइट्यांच्या घरात आता पंगत बसवणारे कोणी नाही. ‘आनंदनगरी’त थंडीच्या दिवसांत गर्दी लोटली की लोकांना कोरड्या तलावात जाजमा घालून ओळीने बसवतात, आणि तिथे काम करणाऱ्यांच्या घरची मुले पहिल्या गाडीत बसतात. चिऊ अजून देवासला आलेली नाही.